दीपाली, तुझे विषाणू आणि तुझ्या आईचं खाचर

अन्याय झाला तो तुझ्या आईवर, दीपाली. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळापुढच्या पटांगणात, वाडीने भातलावणीची सावड ठरवली तेव्हा. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या, अशी तुमची पिढ्यान् पिढ्यांची रीत. कुणाच्या भाताला आधी हात लावायचा, कुणाच्या नंतर, कुठल्या घरातून कोण येणार, सगळं ठरलं. एकच घर राहिलं. तुझ्या आईने, सुलोचनाकाकींनी, विचारलं, "आनी माझं?" देवापुढे वाडीचं गाऱ्हाणं घालणाऱ्या गणूतात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "तुला यंदा सुतक हाय, सुलोचना. तू घरी बस."

सुतक कधीच फिटलं होतं. तुझ्या तेराव्याला हेच लोक तुमच्या अंगणात जेवून उठले होते. पटांगणात बसलेल्या एकालाही हे माहीत नव्हतं असं नाही. एकानेही तोंड उघडलं नाही.

मी तिथे नव्हते. काकींनी सांगितलं तसं लिहिते आहे, आणि लिहिता लिहिता तुझा आवाज कानात आहेच: "नाझिया, 'एकानेही' असं कशाला? तू मोजलंस का?" नाही मोजलं. तू असतीस तर वाक्य खोडायला लावलं असतंस. पण तू नाहीस, आणि हे वाक्य राहणार आहे.

सुरुवात शिमग्याला झाली, हे तुला माहीत आहे. पालखी तुमच्या दारात आली. तुमच्या वाडीत गाऱ्हाणं अर्धंमुर्धं घालत नाहीत. देवापुढे घरचं सगळं उघड बोलायचं, झाकलं तर देव पुरं देत नाही. म्हणून काकींनी तात्यांच्या कानात सगळं सांगितलं. लेक मुंबईला प्रयोगशाळेत आहे, हृदयाची झडप अधूनमधून त्रास देते, आणि ती एड्सच्या विषाणूपासून केलेल्या कसल्याशा कणांवर काम करते, तिला यश येऊ दे. तू त्यांना खरं तेच सांगितलं होतंस. त्यांनी देवाला खरं तेच सांगितलं. आणि तात्यांनी, त्यांचा आवाज तुला ठाऊक आहे, पार खालच्या आळीपर्यंत जाईल असा, हात जोडून सुरू केलं: "बा देवा महाराजा, हे तुझं लेकरू दीपाली, मुंबईला एड्सचं काम करते..."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. सवयीने.

मी तेव्हा तुझ्याशेजारी उभी होते. महाडहून तुझ्याकडे पुरणपोळी खायला आले होते. तू ओठ दाबून हसत होतीस. मी म्हटलं, "अगं थांबव ना त्यांना!" तर म्हणालीस, "देवाच्या पुढ्यात दुरुस्ती कशी करू? पुढच्या वर्षी करू." आणि तात्यांचं गाऱ्हाणं तुझ्या झडपेवर गेलं, मग म्हशीवर, मग काकींच्या गुडघ्यावर. पण लोकांच्या कानात पहिलंच राहिलं.

संध्याकाळी मी तुझ्यावरच उखडले. माझं काय, मी पत्रकवाली. नदीत कुणी काय सोडलं, कुणी सह्या घेतल्या, कुणी गप्प बसलं, हे छापून बाजारात वाटणं हे माझं काम. तुला म्हटलं, "तुम्ही लोक मुंबईत बसून एड्सचे विषाणू बनवता, आणि मला कॉलेजपासूनची मैत्रीण असून पत्ता नाही? कुणाची परवानगी आहे? घाण कुठे जाते?" तू रागावशील असं वाटलं होतं. तू मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, "शाब्बास. कारखान्याला विचारतेस ना, तसंच मलाही विचार. येऊन बघ."

तर मी आले.

त्या दिवसाबद्दल मला अजून पुष्कळ विचारायचं आहे. तुझी आतली खोली मला बाहेरूनच दिसली, काचेच्या पलीकडे, हातमोजे आणि झगे घातलेली माणसं कपाटासारख्या यंत्रात हात घालून बसलेली. आत घ्यायला तू साफ नकार दिलास. "तू शिकलेली नाहीस म्हणून नाही," म्हणालीस, "नियम आहे म्हणून." मग प्रत्येक वापरलेली नळी आधी ब्लीचमध्ये कशी बुडते, नंतर मोठ्या कुकरमध्ये वाफेवर कशी जाते, ते दाखवलंस. मी वही काढून कुकरचं तापमान विचारलं. तू तोंड वळवून हसलीस आणि सांगितलंस.

मग विषाणू म्हणजे काय, ते. बाकी कुणी असतं तर फळ्यावर गोल काढले असते. तू माझ्या अब्बांचा टेम्पो काढलास.

"टेम्पो घे," म्हणालीस. "त्यातला सगळा माल उतरव. नवा टेम्पो बनवायची जी अवजारं, ती पण काढून टाक, तीसुद्धा एका गॅरेजमध्ये ठेवू नको, वेगवेगळ्या ठिकाणी ठेव. आता उरली नुसती चाकं आणि घर शोधून दारात लागायची त्याची हुशारी. त्यात मी माझं एक पोतं ठेवते. टेम्पो दारात जातो, पोतं आत उतरतं, टेम्पो संपला. तो दुसरा टेम्पो जन्माला घालू शकत नाही."

"आणि पोत्यात काय?"

"माणसाचं एक एन्झाइम बनवायची कृती."

शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात, ते. तुझं ते यकृतातलं होतं. बाहेरून आलेल्या रसायनाची मोडतोड करून त्याला शरीराबाहेर काढायला मदत करणारं. यकृताच्या पेशी बशीत वाढवल्या की हळूहळू ते बनवायचंच सोडून देतात, असं तू सांगितलंस, आणि मला ते फार आवडलं. मी म्हटलं, मुंबईला गेलेल्या माणसासारखं, भात लावायचं विसरतात. तू म्हणालीस, "मी विसरले नाहीये, यंदा ये, दाखवते." म्हणून त्या पेशींना ती कृती पुन्हा द्यायची, टेम्पोने. आणि एकदा दिली की ती त्या पेशीच्या स्वतःच्या कृतींमध्ये शिवली जाते. पेशीच्या लेकींना मिळते, त्यांच्या लेकींना मिळते.

"पण बनलेलं एन्झाइम तू ओळखणार कसं? पेशीत इतकी गर्दी."

"मुंबईच्या गाडीच्या डिकीत आई तांदळाचं पोतं टाकते, तेव्हा त्याला काय बांधते?"

लाल चिंधी. तुमच्या वाडीतली सगळी पोती सारखीच दिसतात. दादरला डिकी उघडली की तू लाल चिंधी बघून आपलं ओढतेस. तुझ्या एन्झाइमच्या शेपटालाही तशीच खूण होती. फक्त ती वरून बांधलेली नव्हती, कृतीतच लिहिलेली होती, आणि तिचा रंग हिरवा. निळा प्रकाश टाकला की चमकणारा.

मला एक शंका आली ती मी तिथल्या तिथे फेकली. "चिंधी इतकी मोठी असेल तर पोत्याला जड नाही होणार? त्या खुणेमुळे एन्झाइमचं कामच बिघडत नाही कशावरून?" तू माझ्याकडे असं बघितलंस, दीपाली, की मला वाटलं मी काहीतरी फोडलं. "अगं," म्हणालीस, "हेच मला आमच्या मॅडमनी पहिल्या वर्षी विचारलं होतं आणि मला उत्तर आलं नव्हतं." मग खुणेचं आणि बिनखुणेचं शेजारी शेजारी ठेवून कसं तपासतात, ते सांगत राहिलीस. कँटीनचा चहा गार झाला. कित्येक वर्षांत मला कुणी इतक्या आनंदाने उत्तर दिलं नव्हतं. मी ज्यांना प्रश्न विचारते ते खुर्ची मागे सरकवतात.

आणि मग सूक्ष्मदर्शक. काचपट्टीवरच्या पेशी मारून पक्क्या केलेल्या होत्या, म्हणूनच मला बघायला मिळाल्या. अंधार. तू चाक फिरवलंस. मधे काळा गोळा आणि त्याच्या भोवती हिरवं जाळं, मासे धरायला नदीत पसरलेल्या पागाच्या जाळ्यासारखं, बारीक. एक पेशी, शेजारी दुसरी. काही काळ्याच.

"ह्या का नाही चमकत?"

"त्यांच्यापर्यंत टेम्पो पोचला नाही."

"का?"

"माहीत नाही."

तुझं हे 'माहीत नाही' मला कधी पचलं नाही. त्याच दिवशी, आपण दोघी गावी परत येताना, मी तुला म्हटलं की हेच एन्झाइम आणि आमच्या नदीतलं कारखान्याचं पाणी, यांचा संबंध सांगणारं मला एक वाक्य दे. पत्रकाला एकच वाक्य. तू म्हणालीस, "पाणी मी तपासलेलं नाही." मी म्हटलं, अंदाज दे. "अंदाज छापतात का?" मी म्हटलं, छापतात, लोक मरताहेत म्हणून छापतात. दासगावच्या पुढे येईपर्यंत आपण एकमेकींशी बोललो नाही. मग तू पिशवीतून चिक्की काढून अर्धी माझ्या मांडीवर ठेवलीस. भांडण तसंच राहिलं. अजून आहे. मला आजही वाटतं तुझं चूक होतं, आणि आजही मी तुझं नाव घालून ते वाक्य छापणार नाही.

तुलाच एड्स झालाय अशी तुझ्या वाडीत कुजबुज वाढली तेव्हा मी पत्रकाचा मसुदा तुला फोनवर वाचून दाखवला. "हे कण पूर्णपणे सुरक्षित आहेत!" तू म्हणालीस, "उद्गारचिन्ह काढ. तुझ्याकडे पोतंभर आहेत ती. आणि पूर्णपणे सुरक्षित नको लिहू. ते वाढू शकत नाहीत, आजार देऊ शकत नाहीत म्हणून विषाणूतले भाग काढलेत, असं लिही. पण सुई टोचली तर आम्ही धावतो, नोंद करतो, तपासण्या करतो. म्हणून तर झगे घालतो. तेही लिही."

"एका ओळीत कसं बसवू?"

"मग दोन ओळी लिही. कागद महाग झालाय का?"

पुढे मी मोठ्या अक्षरातली ओळ वाचली: "दीपालीला एड्स झालेला नाही."

"असता तर?" तू म्हणालीस.

"पण नाहीये ना."

"नाहीये. पण मी नाही नाही म्हणत सुटले तर ज्याला आहे त्याचं काय? आपल्या घाटात ट्रकवाले आहेत, मुंबईला पोरं आहेत. कुणाला असेल तर गोळ्या घेऊन तो म्हातारा होईपर्यंत जगू शकतो. वाडीत आता असं झालंय की तो सांगणारच नाही. गोळ्या लपवून खाईल किंवा खाणारच नाही."

मी म्हटलं, आधी तुझं बघू, जगाचं मग. तू म्हणालीस, "बघ बाई. मला फक्त ते वाक्य आवडलं नाही." आणि तुला जिना चढायचा होता, दम लागत होता, म्हणून फोन ठेवलास. आपण यावर पुन्हा बोलणार होतो.

जिना. मला तो जिना तेव्हाच ऐकू यायला हवा होता की काय, हे मी स्वतःला विचारत बसणार नाही. तू लहानपणी सांध्यांच्या तापात पडलीस तेव्हापासून झडप खराब होती, ऑपरेशनची तारीख तू दोनदा पुढे ढकललीस, आणि डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं आहे. सुट्टीला आलीस, भाताच्या पेरणीआधी भाजलेल्या राबाची राख पसरायला आईबरोबर गेलीस, बांधावर बसलीस आणि उठली नाहीस. हे मी इथे लिहिते ते मृत्यूची बातमी म्हणून नाही. लोक वेगळंच सांगतात म्हणून.

तुला आंघोळ घातली ती काकींनी आणि शेजारच्या सुमनवहिनींनी. मी पाणी आणून देत होते. वहिनींनी तुझे केस धुतले, अगदी कानामागून, लहान मुलीचे धुवावेत तसे. पाणी अंगणाच्या उतारावरून नेहमीच्या वाटेने खाली गेलं, तुमच्या खाचरात. तुमच्याकडे प्रत्येक घराचं पाणी त्याच्या खाचरातच जातं. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. बोलणं नंतर सुरू झालं, की त्या पाण्यातून रोग खाचरात उतरला. ते पाणी, तो चिखल. लावणीला सगळे अनवाणी उतरतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या, विळ्याचे वार असलेले पाय. सावडीत एकाच चिखलात सगळ्यांचे पाय.

परवा वहिनी मला पाण्याच्या टाकीपाशी भेटल्या. आधी इकडेतिकडे बघितलं.

"नाझिया, रागावू नको गो. त्या दिशी माझ्या हाताला चिरा व्हत्या. मला काय होनार तर नाय ना?"

मी चिडणार होते. मी चिडायलाच आले होते. पण त्यांनी दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले, आणि मला कळलं की ही बाई तेव्हापासून एकटी घाबरते आहे, आणि घाबरत असूनही त्या दिवशी तिने तुझे केस धुतले होते. तेव्हा मी तुझ्यासारखं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, वहिनी, ती हृदयाने गेली. तिच्या कामातले ते कण मुंबईच्या खोलीतून कधी बाहेर आले नाहीत, आणि आले असते तरी ते स्वतःहून वाढत नाहीत. एड्सचा खरा विषाणूसुद्धा चिखलात, पाण्यात, हाताला हात लागून, एका ताटात जेवून पसरत नाही. ज्याला आहे त्याला आंघोळ घातली असतीत, तरी त्या पाण्याने खाचर बाटलं नसतं.

"म्हंजे तिला असता तरी..."

"असता तरी, वहिनी. तरी काकींचं खाचर टाकायचं कारण नव्हतं."

बोलून गेले आणि मग लक्षात आलं की फोनवरच्या त्या 'असता तर?'मध्ये तुझी बाजू मी घेतली. तुझं चुकलं असं मी धरून होते इतके दिवस. मसुद्यातली ती मोठ्या अक्षरातली ओळ मी काढली आहे.

वहिनी म्हणाल्या, "मग तात्यांना सांग ना तू. माझं कोन ऐकतंय?" मी म्हटलं, तुम्ही केस धुतलेत, तुमचं ऐकतील. त्या हंडा उचलून गेल्या. तात्यांशी बोलतील की नाही, मला माहीत नाही. बघ, मीही म्हणायला लागले.

काकींना मी काल भेटले. रोपं उपटायला आली आहेत, हिरवीगार. आणखी थांबलं तर रोप जून होतं, मग लावलं तरी फुटवा धरत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. एकटी बाई, दुखरा गुडघा, एवढं खाचर. हे गेलं तर वर्षाचा तांदूळ गेला, आणि पुढच्या वर्षी सावडीत नाव मागायला तोंडही राहणार नाही. एकदा वगळलेलं घर वगळलेलंच राहतं. त्या चुलीपाशी बसून म्हणाल्या, "मीच सांगितलं ना देवाला. नसतं सांगितलं तर? पन देवाला खोटं कसं सांगू गो? पोर एवढं समजावून सांगायची, मी कान देऊन ऐकायची. तो टेम्पो, ती चिंधी. मला सगळं समजत व्हतं."

मग त्यांनी मला विचारलं, "तिनं केलेल्या त्या पेशी, त्या जित्या हायत का अजून?"

मला माहीत नव्हतं. मलाही तेच जाणून घ्यायचं होतं. तुझ्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, आहेत. गोठवून ठेवल्या आहेत, कुणी पुढचं काम घेतलं की ऊब देऊन जाग्या करतील, वाढतील, आणि हिरवं एन्झाइम बनवतील. मी काकींना सांगितलं. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग विचारलं, "थंडीत मरत नायत?" मी म्हटलं, नाही म्हणतात. "कशा मरत नायत?" आता हे मी कुणाला विचारू, दीपाली? तू पुढे सरसावून बसली असतीस. आम्हा दोघींना तासभर तरी सुटका नव्हती. तुझे आभार मानायचे राहिले ते याचेच. प्रश्न विचारणं म्हणजे समोरच्याला कोंडीत पकडणं, एवढंच मला शिकवलं गेलं होतं. उत्तर ऐकायची हावही असते, हे मला तुझ्यामुळे कळलं.

आता तुझ्याशी बोलणं थांबवते, कारण हा कागद तू वाचणार नाहीस. वाचणार आहात तुम्ही. वाडीतले, खालच्या आळीतले, पोलादपूरच्या बाजारात ज्यांच्या हातात मी हा ठेवणार आहे ते, आणि लावणीला मुंबईहून रजा काढून आलेले. सहानुभूती नको. काकींकडे जाऊन "वाईट झालं" म्हणू नका, ते त्यांना माहीत आहे. गणूतात्या, तुम्हाला नाव घेऊन सांगते: पुन्हा पटांगणात बैठक बोलवा आणि जितक्या मोठ्याने गाऱ्हाणं घातलंत तितक्याच मोठ्याने सुलोचनाकाकींची पाळी पुकारा. बाकीच्यांनी तात्यांची वाट बघू नका. येत्या सोमवारी सकाळी काकी रोपं उपटायला घेणार आहेत. मी येते आहे, माझे अब्बा येणार आहेत, आम्हा दोघांना लावणी धड येत नाही. ज्यांना येते त्यांनी या. चपला बांधावर काढा आणि त्या चिखलात उतरा.